ऑईलचे अकराशे वाचवताना अठ्ठेचाळीस हजार कुठे जातात?

निफाड तालुक्यातील एका वाचकाचे पत्र:

"सर, दोन वर्षांपूर्वी साडेआठ लाख लोन काढून पिकअप घेतली. सीझनला टोमॅटो, द्राक्षे, एरवी कांदा. पिंपळगाव ते वाशी भाडी मारतो. महिन्याला पाचेक हजार किलोमीटर होतात. गॅरेजवाला ऑईल-फिल्टरचे ४,२०० घेतो. माल आपण आणला तर ३,१०० मध्ये बसतो, म्हणून वर्षभर घरीच बदलतोय. जॅक लावून खाली दगड ठेवतो, मोठा मुलगा बॅटरी धरतो. मागच्या वेळी चेंबरचा नट निघेना, पाईप घालून जोर लावला तर आटे गेले. फिल्टर पण अडकला, पेचकस ठोकून फिरवला तर पत्रा फाटला. शेवटी मिस्त्रीला घरी बोलवावे लागले. २,८०० गेले आणि दोन भाडी बुडाली. आता ३५,००० मध्ये लोखंडी रॅम्प, ट्रॉली जॅक आणि पान्यांचा पूर्ण सेट मिळतोय. घ्यावा का? खर्चाबाबत मी काटेकोर आहे. गाडीचा फुल विमा यंदा थर्ड पार्टी केला, ११,००० वाचले. लोनच्या वेळी घेतलेली ४८,००० ची पॉलिसी मात्र चुकवत नाही, पंधरा वर्षे भरायचे आणि विसाव्या वर्षी साडेबारा लाख मिळणार. कव्हर ५ लाख आहे. लोन साडेसात टक्के फ्लॅट, हप्ता १९,५००. सगळे जाऊन हातात तीस हजार राहतात, त्यात आई, बायको, दोन मुले. वय ३६. रिटर्न भरत नाही, तेवढे उत्पन्न नाही."

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सेट घेऊ नका.

दर दहा हजार किलोमीटरला ऑईल म्हणजे वर्षात सहा वेळा. एका वेळी ११०० वाचतात, वर्षाचे झाले ६,६००. पस्तीस हजार फिटायला सव्वापाच वर्षे लागतील, तीही एकदाही काही बिघडले नाही तर. मागच्या वेळी बिघडले. मिस्त्रीचे २,८०० आणि बुडालेल्या दोन भाड्यांचे निव्वळ पाच हजार धरले तर एका रविवारी वर्षभराच्या बचतीपेक्षा जास्त गेले.

तुमची चिडचिड मला समजते. आधीच्या माणसाने नट गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो, तांब्याचा वायसर बदललेला नसतो, आणि वर तोंड करून झोपलेल्या माणसाला पाना सरळ बसवताच येत नाही. पाना तिरका बसला की नटाचे कोपरे झिजतात, मग पाईप घालावा लागतो, आणि पाईप घातला की आटे जातात. फिल्टरचेही तसेच. नवीन फिल्टरच्या रबरी रिंगला बोटभर ऑईल लावून तो हातानेच आवळायचा असतो. कोणीतरी पट्ट्याने आवळून ठेवला की पुढचा माणूस पेचकस ठोकतो. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि त्यावरच नवीन बसली, तर घाटात सगळे ऑईल बाहेर. पुढून जॅकवर उचललेल्या गाडीतून जुने ऑईल पूर्ण निघेल याचीही खात्री नसते, आणि गाडी सपाट उभी नसेल तर पट्टीवरचे माप चुकते.

यावर साधा तोडगा आहे आणि तो तुमच्या गावातही चालतो. योग्य ग्रेडचे ऑईल, फिल्टर आणि वायसर होलसेलमधून तुम्ही आणा, मिस्त्रीला फक्त मजुरी द्या. तीनशे रुपये धरा. एकूण ३,४०० झाले, म्हणजे दर वेळी आठशे आणि वर्षाला ४,८०० वाचले. स्वतः केले तर वाचतात ६,६००. फरक अठराशेचा. अठराशे रुपयांसाठी तुम्ही वर्षातून सहा वेळा दगडावर टेकवलेल्या गाडीखाली झोपता आणि शेजारी मुलाला उभे करता. हे आजपासून बंद करा. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही, आणि दगड फुटतो. काढलेले जळके ऑईलही मिस्त्रीकडेच राहू द्या. वर्षाला चाळीस लिटर होते ते, बांधावर किंवा नाल्यात जायला नको.

ऑईलचा विषय एवढाच. तुमचे पत्र मी पुन्हा वाचले ते पुढच्या चार ओळींसाठी.

गाडीखालून तुम्ही बाहेर आला नाहीत तर घरी काय मिळेल? पॉलिसीचे पाच लाख. त्याच दिवशी लोनची शिल्लक किती? साडेआठ लाख, पाच वर्षे, साडेसात टक्के फ्लॅट, त्यातले चोवीस हप्ते गेले. उरले सुमारे पावणेसहा लाख. म्हणजे दोन वर्षांत ९६,००० भरून घेतलेले कव्हर गाडीचे कर्जसुद्धा फेडत नाही. पाऊण लाखाचे देणे उरते, आणि आई, पत्नी, दोन मुले यांच्यासाठी शून्य.

गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचे पंधरा लाखांचे अपघाती कव्हर असते, ते तुमच्या पॉलिसीत आहे का ते बघा आणि नसेल तर घ्या. पण त्यावर विसंबू नका. ते गाडी चालवताना, गाडीत चढता-उतरताना झालेल्या अपघातासाठी असते. गाडीखाली झोपून नट काढणे त्यात बसत नाही. तापाने किंवा हृदयविकाराने गेलेला माणूसही बसत नाही.

आता गाडीकडे या. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण तो तुमच्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान झाले त्याचे पैसे देतो. कसारा घाटात पिकअप उलटली, यार्डातून चोरीला गेली, शॉर्ट सर्किटने जळाली, तर तुम्हाला एक रुपया मिळणार नाही आणि १९,५०० चा हप्ता आणखी तीन वर्षे चालू राहील. भाडे मारायला गाडी नसेल आणि हप्ता असेल. तुमच्या लोनच्या करारातही बहुधा लिहिलेले असेल की कर्ज फिटेपर्यंत संपूर्ण विमा ठेवायचा. करार काढून वाचा. अकरा हजार वाचवताना तुम्ही घरातली एकमेव कमावती वस्तू उघड्यावर सोडली. माझ्या मते पत्रातली सर्वांत धोक्याची ओळ तीच आहे, आणि ती तुम्ही अभिमानाने लिहिली आहे.

अकरा हजार का वाचवावे लागले? कारण अठ्ठेचाळीस हजार दुसरीकडे जातात. महिन्याला चार हजार.

त्या पॉलिसीचा हिशोब करू. पंधरा वर्षे ४८,००० म्हणजे ७.२० लाख. विसाव्या वर्षी साडेबारा लाख. ऐकायला पाच लाख वर मिळाल्यासारखे वाटते. वर्षाचा परतावा काढला तर सव्वाचार टक्क्यांच्या आसपास येतो. हेच पैसे पोस्टात पीपीएफमध्ये पंधरा वर्षे भरले, पुढे पाच वर्षे तसेच ठेवले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर अठरा लाखांच्या वर होतात. दर थोडा उतरला तरी साडेबारापेक्षा पुष्कळ जास्त. आणि लोनचे "साडेसात टक्के फ्लॅट" म्हणजे प्रत्यक्षात सव्वातेरा टक्के, कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण साडेआठ लाखांवरच धरलेले असते. सव्वातेराने कर्ज फेडणाऱ्या माणसाला सव्वाचारचे साधन विकणाऱ्याने तुमचे भले बघितलेले नाही.

ती लोनच्या टेबलावर विकली गेली असे तुम्ही लिहिता. "पॉलिसी घेतली तरच फाईल पास होईल" असे सांगितले असेल तर ती चुकीची विक्री आहे. वाहनकर्जासाठी वीस वर्षांची बचत पॉलिसी घ्यावी लागते असा कोणताही कायदा नाही. विमा कंपनीला लेखी तक्रार करा. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जा. नाशिक जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांनंतर सिद्ध करणे अवघड असते. पण एक पत्र लिहायला काही लागत नाही.

"भरलेले ९६,००० वाया जातील" ही भीती तुमच्या मनात येईल. ते पैसे गेलेले आहेत. निर्णय पुढच्या तेरा हप्त्यांचा आहे, म्हणजे सव्वासहा लाखांचा. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे मागितले, तर किती आणि पेड-अप ठेवली तर मुदतीला किती. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद, कव्हर आणि शेवटची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी. सरेंडरचे पैसे हातात आले तर ते लोनमध्ये घालणे मला जास्त पटते. आधी मुदतपूर्व फेडीचे शुल्क किती ते मात्र विचारा.

तुम्हाला हवा आहे टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा, बचत नसलेला विमा. घरखर्च महिन्याला पंचवीस हजार, म्हणजे वर्षाचे तीन लाख. सहा टक्क्यांनी एवढे व्याज सुटायला पन्नास लाख लागतात. त्यात लोनचे सहा आणि मुलांच्या शिक्षणाचे पंधरा-वीस मिळवा. ७५ लाख. साठाव्या वर्षापर्यंतचे कव्हर, तुमच्या वयाला आणि निर्व्यसनी असाल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आत बसायला हवे. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर तसे लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलेल्या तंबाखूवर क्लेम नाकारला गेला तर पत्नीला तो लढा एकटीने द्यावा लागेल.

इथे तुमचे रिटर्न न भरणे आडवे येते. विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि तुमच्याकडे तो नाही. मालवाहू गाडीवाल्यांना प्राप्तिकरात ४४एई म्हणून ओळखली जाणारी सोय आहे: तुमच्यासारख्या गाडीला महिन्याला ७,५०० रुपये अंदाजे उत्पन्न धरून, हिशोबाच्या वह्या न ठेवता रिटर्न भरता येते. पण खरे उत्पन्न जास्त असेल तर जास्तच दाखवायचे, तोच नियम आहे आणि तुमच्या फायद्याचाही. किमान धरून नव्वद हजार दाखवले तर ७५ लाखांचे कव्हर कोणी देणार नाही. खरे चार-साडेचार लाख दाखवले तर नव्या करप्रणालीत कर शून्यच आहे, २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत. पुढच्या गाडीचे लोन काढतानाही हेच रिटर्न उपयोगी पडेल आणि फ्लॅटच्या भाषेत बोलणाऱ्याकडे जावे लागणार नाही.

रिटर्न आणि टर्मला काही आठवडे, कदाचित महिने लागतील. तोपर्यंत उद्याच बँकेत जाऊन दोन फॉर्म भरा. प्रधानमंत्री जीवनज्योती ४३६ रुपयांत दोन लाख, सुरक्षा विमा २० रुपयांत अपघाताचे दोन लाख. जीवनज्योतीत पहिले तीस दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो, म्हणून उशीर नको. त्याच दिवशी गाडीच्या विमा कंपनीला विचारा की चालू थर्ड पार्टी पॉलिसीऐवजी संपूर्ण पॉलिसी कशी करता येईल. गाडीची तपासणी होईल, होऊ द्या.

पैसे कुठून? टर्मचे पंधरा हजार, गाडीचे अकरा हजार, बँकेचे साडेचारशे. साडेसव्वीस हजार. अठ्ठेचाळीसमधून साडेएकवीस हजार उरतात. ते दोन-तीन वर्षे फक्त गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात ठेवा: टायर, क्लच, आणि भाडे नसलेल्या महिन्याचा हप्ता. रॅम्पचे पस्तीस हजार हातात असतील तर त्याची सुरुवात तिथूनच करा.

एक क्रम मात्र मोडू नका. टर्म पॉलिसी मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही. पाच लाख अपुरे आहेत, पण आज तुमच्याकडे तेवढेच आहे. पुढचा हप्ता आधी आला तर वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते आणि तेवढे दिवस कव्हर चालू राहते. तेवढ्यातही टर्म झाली नाही, तर हा एक हप्ता भरा आणि ऑटो-डेबिट बंद करण्याचा अर्ज त्यानंतर बँकेत द्या.