बागेत कोण येतं आणि कोण येत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ७१, बडोद्यातच जन्म गेला. आमच्या घराजवळची बाग दीड वर्षापूर्वी नवीन केली. दिसायला झकास झालीय, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, ओपन जिमची मशिनं, रंगीत लायटिंग, सगळं आहे. पण आमच्या सकाळच्या ग्रुपमधले निम्मे लोक यायचेच बंद झाले. पावसात ट्रॅकवर शेवाळ धरतं, बाकडी सावलीतून काढून कडेला उन्हात लावलीयत, आणि संध्याकाळी बायका भजनाला बसायच्या तिथे आता कारंजं आहे. तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, काका, कॅमेऱ्यात तर रोज गर्दी दिसते, तुमच्याकडे काही डेटा आहे का? आता हा डेटा आम्ही कुठून आणायचा? बागांचा असा अभ्यास करणारी किंवा त्याला मदत करणारी एखादी संस्था असते का?
– एक ज्येष्ठ वाचक, बडोदा

उत्तर : काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. साहेबांचं बोलणं तुम्हाला लागलं हे कळतंय, पण तोच प्रश्न तुमच्या कामाचा आहे असं मला वाटतं. कॅमेऱ्यात जे आले ते दिसतात, जे यायचे थांबले ते कसे दिसणार? झाडं कुठली लावायची ते माळी सांगेल, ट्रॅक कसा करायचा ते इंजिनिअर सांगेल, पण कोण येत नाही आणि का येत नाही हे शोधायला समाजशास्त्रच लागतं, आणि आपल्याकडे बागेच्या बाबतीत नेमकी हीच बाजू राहून जाते.

संस्था आहेत, बऱ्याच आहेत. अमेरिकेत नॅशनल रिक्रिएशन अँड पार्क असोसिएशन म्हणून एक आहे, १९६५ साली जुन्या काही संस्था एकत्र येऊन झालेली, ती तिथल्या पार्क खात्यांसाठी सर्व्हे आणि आकडेवारीचं काम करते. पण तुमच्या उपयोगाचं काम मला रँड नावाच्या संशोधन संस्थेचं वाटतं. त्यांच्या लोकांनी २५ शहरांतल्या १७४ बागांमध्ये माणसं मोजली. वस्तीत ज्येष्ठ माणसं २० टक्के, आणि बागेत आलेल्यांत ज्येष्ठ फक्त ४ टक्के! शिवाय ज्या बागेत चालायला गोल फेरीची वाट होती तिथे एकूण माणसं ८० टक्के जास्त, आणि ज्येष्ठ तर दुप्पट. म्हणजे तुमच्या ग्रुपची चालायची वाट निसरडी होणं ही बारीकसारीक तक्रार नाहीये, म्हातारी माणसं बागेत येणार की नाही हे बरंचसं त्या वाटेवरच ठरतं. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, या अभ्यासाला पैसा बागेच्या बजेटमधून आलेला नाही, तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडून आलाय. चालणं म्हणजे शुगर, बीपी, गुडघे, हे त्यांनी कधीच ओळखलंय. म्हणून तुम्ही पण नुसतं बागेच्या ऑफिसात जाऊ नका, आरोग्याचं काम बघणाऱ्यांकडेही तोच कागद द्या.

आता मोजायचं कसं ते सांगते, कारण ते तुम्हाला स्वतःला जमेल आणि पैसे लागणार नाहीत. त्यांची एक पद्धत आहे, सोपार्क म्हणतात तिला. बागेचे भाग पाडायचे, म्हणजे ट्रॅक एक, मुलांची खेळणी दोन, लॉन तीन, जिम चार, असं. मग दिवसातून चार वेळा, ठरलेल्या टायमाला, प्रत्येक भागाशी उभं राहून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि बाई की पुरुष, लहान मूल की किशोरवयीन की मोठा माणूस की ज्येष्ठ, आणि बसलाय की चालतोय की पळतोय, एवढंच टिपायचं. नाव नाही, फोटो नाही, कोणाला काही विचारायचं पण नाही. आठवडाभर करा, त्यात शनिवार-रविवार आलेच पाहिजेत.

मी स्वतः मागच्या रविवारी कमाटीबागेत जाऊन करून बघितलं. १८७९ पासूनची बाग, विश्वामित्रीच्या काठावर, लहानपणापासून शंभरदा गेलेय, वाटायचं मला सगळं माहितीय. फुलांच्या घड्याळापाशी वही घेऊन बसले तेव्हा पहिल्यांदा दिसलं की नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या बाकड्यावर बसतच नव्हत्या. एक आजी पदर डोक्यावर घेऊन झाडाच्या बुंध्याशी टेकल्या होत्या, समोर रिकामं बाकडं, पण तिथे ऊन. थोड्या वेळाने ऊन सरकलं तेव्हा त्या उठून बाकड्यावर आल्या, आणि पाच मिनिटांत शेजारी आणखी दोघी येऊन बसल्या. तुमचं बाकड्यांचं म्हणणं मला तिथे पटलं. तेव्हा तुमच्या तक्त्यात एक रकाना वाढवा, बाकडं उन्हात की सावलीत, आणि त्यावर कोणी बसलंय का.

भजनाच्या बायकांचं पण सोडू नका. व्हिएन्नात १९९६-९७ च्या सुमाराला असाच अभ्यास झाला, नऊ-दहा वर्षांपर्यंत मुली बागेत यायच्या आणि त्यानंतर एकदम कमी व्हायच्या. बागेला कोणी त्यांना बंदी केली नव्हती, पण मोकळी जागा म्हणजे एकच मोठं मैदान, तिथे मुलगे फुटबॉल खेळायचे आणि मुली भांडून जागा घेत नव्हत्या. मग १९९९ मध्ये दोन बागांमध्ये जागेचे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, आणि मुली परत यायला लागल्या. तुमच्या कारंज्याच्या जागेचं असंच झालंय, बायकांना कोणी जा म्हटलं नाही पण बसायला जागा राहिली नाही. त्या बायकांच्या घरी जा, त्या आता कुठे भेटतात, भेटतात तरी का, ते विचारा. न येणाऱ्यांचा डेटा बागेत मिळणार नाही, तो त्यांच्या ओट्यावर बसूनच मिळणार.

मदतीला माणसं आपल्याच गावात आहेत. एमएस युनिव्हर्सिटीत सोशल वर्कची फॅकल्टी आहे, तिथल्या मुलांना फिल्डवर्क करावंच लागतं. फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेसमध्ये ह्युमन डेव्हलपमेंटचं डिपार्टमेंट आहे, आर्ट्समध्ये सोशिऑलॉजी आहे. तुमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या लेटरहेडवर पत्र घेऊन स्वतः जा, ईमेलवर थांबू नका. मुलं तक्ते भरतील, सर-मॅडम ते तपासतील, आणि मग तोच कागद एका म्हाताऱ्याची तक्रार न राहता युनिव्हर्सिटीचा अभ्यास होतो. बागेच्या नूतनीकरणाला किती खर्च झाला, काम ठरवताना कोणाला विचारलं होतं, हे माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्याने, मागता येतं. ते पण जोडीला लावा.

प्रश्न : मॅडम, मी सोशिऑलॉजीत एमए केलंय आणि बडोद्याच्या बागांवर पीएचडी करायची इच्छा आहे. ओळखीचे लोक म्हणतात बाग हा काय पीएचडीचा विषय झाला का, काहीतरी सिरीयस घे. अशा विषयाला फेलोशिप मिळते का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, विषय एकदम सिरीयस आहे! विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात, कशी बसतात, एवढंच वर्षानुवर्षं बघितलं. जिथे बायका कमी दिसतात तिथे काहीतरी बिघडलंय, ही खूण त्याने लोकांना पटवून दिली. तिथल्या ब्रायंट पार्कमध्ये ड्रग्ज विकणाऱ्यांनी बस्तान बसवलं होतं, तर याने सांगितलं की कुंपण आणि उंच झुडपं काढा, आत यायचे रस्ते वाढवा, बाग बाहेरून दिसू द्या. १९९२ मध्ये ती बाग नव्याने उघडली, उचलून कुठेही नेता येतील अशा खुर्च्या ठेवल्या, आणि आज ती गजबजलेली असते. हे सगळं नुसतं बघून आणि मोजून झालं.

पैशाचं म्हणशील तर पहिलं नाव आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, १९६९ ची, दिल्लीला. ते पीएचडीला डॉक्टरल फेलोशिप देतात आणि प्राध्यापकांना प्रोजेक्ट देतात, जाहिरात निघते त्यावर लक्ष ठेव. त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र मुंबईला आहे. जवळचं म्हणजे सुरतचं सेंटर फॉर सोशल स्टडीज, तिथल्या लायब्ररीत दोन दिवस काढ, गुजरातच्या शहरांवर बरंच वाचायला मिळेल. नेटची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, काढलीस तर दुसरीकडे बघायची गरजच नाही. जगात लेझर स्टडीज, म्हणजे लोक फावला वेळ कसा घालवतात त्याचा अभ्यास, हा स्वतंत्र विषय आहे, जर्नल ऑफ लेझर रिसर्च तर १९६९ पासून निघतंय, गाईडला दोन-चार अंक दाखव. पण अर्जात 'बागांचा अभ्यास' असं मोघम लिहू नकोस. प्रश्न टोकदार कर, उदाहरणार्थ कारखान्यात शिफ्ट करणारी बाई बागेत कधी जाऊ शकते आणि तेव्हा गेट उघडं असतं का. असा प्रश्न असेल तर वाचणारा अर्ज बाजूला ठेवणार नाही.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला सर्व्हेसाठी परदेशातली एखादी संस्था डायरेक्ट पैसे पाठवू शकेल का?
– एक वाचक मंडळ

उत्तर : असं डायरेक्ट घेता येत नाही. संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे २०१० च्या कायद्याखाली रजिस्ट्रेशन किंवा आधी परवानगी लागते, ती नसताना खात्यात पैसे आले तर मंडळ अडचणीत येईल. आणि मला विचाराल तर पहिल्या सर्व्हेला लागतं काय, चार वह्या, पेनं, आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी तासभर देणाऱ्या सहा जणी. एकच सांगते, पावसाळ्यात सुरू करू नका, दिवाळीनंतर थंडी पडली की करा, आणि मग तेच तक्ते मे महिन्यात परत भरा, कारण उन्हाळ्यात कोण गळालं ते दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावरच कळेल.