उडत्या चालीच्या गाण्यांत काळे सामाजिक संदेश लपवलेले असतात का? कोणत्या? आणि मुलांना अशी गाणी ऐकू द्यावीत का?

प्रश्नातला "लपवलेले" हा शब्द मला खटकला, म्हणून लिहायला बसले. लपवलेलं काही नसतं हो. शब्द पहिल्या कडव्यापासून समोर असतात, आपलं लक्ष चालीकडे असतं.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले, दुसरा मजला. १९८८ साली मी नववीत होते, मराठी माध्यम. दादा कॉलेजात होता. मित्राकडून त्याने एक कॅसेट भरून आणली होती आणि ती आमच्या टू-इन-वनवर रोज संध्याकाळी लागायची. तिच्यात सुझॅन व्हेगा या अमेरिकन गायिकेचं "लुका" होतं, आदल्याच वर्षी आलेलं. झुळझुळ गिटार आणि एका बाईचा साधा, जराही न ताणलेला आवाज. इंग्रजी कळत नव्हतं, पण लुका हे कुणातरी मुलाचं नाव असणार आणि त्याचं काहीतरी छान चाललं असणार, असं मी धरून चालले होते. भांडी विसळताना मी तेच गुणगुणायचे.

शेजारच्या खोलीत एक कुटुंब पोटभाड्याने राहायचं. त्यांचा मुलगा आठ-नऊ वर्षांचा. मधली भिंत म्हणजे फळ्यांचं पार्टिशन. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास पलीकडे आधी एखादं भांडं पडायचं. मग पट्ट्याचा आवाज. त्याचं बक्कल लोखंडी खाटेला लागलं की आवाज वेगळा यायचा, अंगाला लागलं की वेगळा. मग पोराचं रडणं, आणि ते एकदम थांबायचं. त्या वेळी आई आमचा रेडिओ जरा मोठा करायची.

सकाळी तो नळावर कळशी घेऊन यायचा. एकदा त्याचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजला होता. मी विचारलं, "काय रे झालं?" तर म्हणाला, "ताई, जिन्यात पाय घसरला." आणि डाव्या हाताने कळशी उचलून निघाला. हाच मुलगा त्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरायचा, हे मी रोज बघत होते. तरी मी पुढे काही विचारलं नाही.

अकरावीत इंग्रजीतून लेक्चरं सुरू झाली, ती डोक्यावरून जायची. कुणीतरी सुचवलं की इंग्रजी गाणी ऐकून शब्द लिहून काढ, कान तयार होतो. मग दादाची कॅसेट घेतली. एक ओळ ऐकायची, थांबवायची, मागे न्यायची, पेन्सिलीने वहीत उतरवायची, अडलं की डिक्शनरी काढायची. लुका सांगतो, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, तुमच्या वरच. रात्री उशिरा काही आवाज आला, भांडणासारखं काही ऐकू आलं, तर मला विचारू नका. पुढे म्हणतो, मी ठीक आहे, पुन्हा दारावर आपटलो. त्या ओळीला मी बटण दाबलं आणि पुढे काही ऐकवलं नाही.

पार्टिशनपलीकडची खोली तेव्हा रिकामी होती. सहा महिन्यांपूर्वी ते लोक खोली सोडून गेले होते. कुठे गेले, चाळीत कुणालाच माहीत नव्हतं.

दादा घरी आल्यावर मी वही त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, "अगं, मला माहितीये. मार खाणाऱ्या मुलाचं गाणं आहे ते. पण चाल बघ ना काय सुंदर आहे!" दोन वर्षं त्याला माहीत होतं. दोन वर्षं तो त्याच पार्टिशनला डोकं लावून झोपत होता. मी म्हटलं, "आणि शेजारचा?" तर म्हणाला, "दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला काय करायचंय?"

हा वाद आमच्यात आजतागायत चालू आहे. आता दादाचं म्हणणं असं की असल्या विषयाला उडती चाल लावणं म्हणजे दुःखाची थट्टा. विषय गंभीर असेल तर चालही गंभीर हवी. मला हे साफ अमान्य आहे. ते गाणं रडक्या चालीत असतं तर आईने पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं असतं, आणि मीही काही ते ऐकलं नसतं. चाल गोड होती म्हणून ते माझ्या तोंडी बसलं आणि मला इंग्रजी येईपर्यंत तिथेच राहिलं. अमेरिकेत ते बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. मुलांच्या मारहाणीवरचं भाषण इतक्या घरांत कोण लावून ठेवणार होतं? शिवाय त्या गाण्यात लुका स्वतःच बोलतोय आणि तो सगळं ठीक असल्याचं सांगतोय. ती हलकी चाल त्याच्या खोटं बोलण्याची चाल आहे. आमच्या शेजारचा मुलगा जिन्याचं सांगताना रडत नव्हता. हसत होता.

बाकीची गाणी विचारलीत म्हणून सांगते. फॉस्टर द पीपलचं "पम्प्ड अप किक्स", २०११ साली गाजलेलं, शिट्टीसकट. हातात बंदूक आलेल्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते त्यात आहे. धृपदातच बाकीच्या मुलांना माझ्या गोळीपेक्षा जोरात पळा म्हटलंय, आणखी किती उघड सांगायचं? त्या बँडमधल्या एकाचा नातेवाईक १९९९च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारातून वाचला होता. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं "बॉर्न इन द यूएसए", १९८४चं. मुठी आवळून लोक धृपद म्हणतात, पण कडव्यांत व्हिएतनामहून परतलेला माणूस रिफायनरीत काम मागायला जातो आणि हात हलवत परत येतो. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात न्यू जर्सीतल्या सभेत राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आशेचा संदेश देणारा गायक म्हणून स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं होतं.

आणि इंग्रजीच कशाला? भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून आपण "कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा" म्हणतो ना? वेल लावला, आता कोंब येऊ दे. कोंब आला, आता फूल येऊ दे. मग कारलं लागू दे, मग भाजी कर, मग खरकटं काढ. दरवेळी अट एक पाऊल पुढे सरकते आणि सून आहे तिथेच राहते. सात-आठ वर्षांच्या मुली हे टाळ्या वाजवत म्हणतात, लक्ष सगळं खिरापतीकडे. माझ्या आजीने ते मला शिकवलं, आणि लग्न झाल्यावर तिला पहिली तीन वर्षं माहेरी पाठवलं नव्हतं. फेरात तिचा आवाज सगळ्यात मोठा असायचा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, लुका नावाचा मुलगा खरोखर होता, व्हेगाच्या इमारतीसमोर खेळायचा. पण त्याला मारहाण होत होती असं नाही, तिने फक्त त्याचं नाव आणि चेहरा घेतला, हे तिनेच सांगितलंय. दोन, प्रत्येक गाण्यात प्रेतं शोधू नका. "रिंगा रिंगा रोजेस" हे प्लेगचं गाणं आहे असं लोक छातीठोकपणे सांगतात, पण लोकगीतांचे अभ्यासक ते मानत नाहीत. शब्दांतच जे लिहिलंय तेवढं वाचलं तरी पुष्कळ आहे.

मुलांचं म्हणाल तर गाणं बंद करू नका. आठ-दहा वर्षांच्या मुलाबरोबर बसून एकदा शब्द वाचा आणि पुन्हा लावा. अगदीच लहान असेल तर थांबा, बंदुकीचं गाणं पाच वर्षांच्या पोराला समजावून सांगायची गरज नाही.

आणि शेजारून आवाज येत असेल, तर रेडिओ मोठा करू नका. आमच्या वेळी फोन करायचा म्हटलं तरी कुणाला करणार होतो? चाइल्डलाइन, म्हणजे मुलांच्या मदतीसाठीची फोनसेवा, मुंबईत सुरू झाली १९९६ साली. आता १०९८ हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, रात्री अकरालाही लागतो. मुलाला क्रूरपणे वागवणं हा २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, मारणारा बाप असला तरी. दादा हे उत्तर वाचणार आहे. दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला काय करायचंय, असं तू विचारलं होतंस ना, दादा? हे करायचं होतं.