मज्जेची 'पुनर्प्राप्ती' होते, की मज्जा 'सावरते'?

चोपड्याच्या फार्मसीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय. रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक करताना तिने वाक्य लिहिलं: 'प्रारणाच्या संपर्कानंतर अस्थिमज्जेच्या पुनर्प्राप्तीवर औषधांचा परिणाम होतो.' हे बरोबर आहे का, 'पुनर्प्राप्ती'ला सोपा शब्द कोणता, आणि 'अस्थिमज्जा' जड वाटतो म्हणून नुसतं 'मज्जा' लिहिलं तर चालेल का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नुसतं 'मज्जा' लिहू नका. मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था हे शब्द आपण शाळेपासून वाचलेत आणि त्या सगळ्यांचा संबंध नसांशी आहे, रक्ताशी नाही. 'मज्जेवर परिणाम' असं वाचलं की माणसाच्या डोळ्यांसमोर लकवा येतो. 'मगज'ही टाळा, कारण आपल्याकडे मगज म्हणजे आधी मेंदू. 'अस्थिमज्जा' ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे 'हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मऊ भाग' एवढं जोडा. काळ्या मसाल्याच्या मटणातली नळी ज्याने चोखलीय, त्याला हाडात काहीतरी मऊ असतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र नळीतून निघतो तो बहुतेक पिवळा, चरबीचा भाग. रक्त तयार करणारा लाल भाग मोठ्या माणसात मुख्यतः कंबरेच्या हाडांत, मणक्यांत, बरगड्यांत आणि छातीच्या हाडात असतो. हा फरक आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलंय की मोठ्या हाडांत मज्जा असते आणि बाकीच्या हाडांत असतो तो 'सरक्त मेद', म्हणजे रक्त मिसळलेली चरबी. हाडं उघडून पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही. रक्त तिथेच तयार होतं असं मात्र आयुर्वेद म्हणत नाही. तिथे रक्ताचं मूळ यकृत आणि प्लीहा, आणि सात धातूंत मज्जा येते रक्ताच्या बरीच नंतर. म्हणून पत्रकात 'मज्जाधातू' हा शब्द आणू नका, दोन शास्त्रांची सरमिसळ होईल.

'प्रारण' परिभाषेत बरोबर आहे. किरणोत्सर्ग हा पदार्थाचा गुण आणि प्रारण म्हणजे बाहेर पडणारी ऊर्जा, हा भेद पाळला जातो ते चांगलंच आहे. पण धुळ्या-जळगावच्या वॉर्डात 'शेक चालू आहेत' किंवा 'लाईट दिली' असंच ऐकू येतं. पत्रकात 'किरणोपचार (शेक)' लिहा. अपघाताने अंगावर किरण पडण्याबद्दल लिहायचं असेल तर तिथे 'शेक' चालणार नाही, 'किरणांचा मारा' म्हणा. दिल्लीच्या मायापुरीत 2010 साली भंगारात कोबाल्ट-60 हा किरणोत्सर्गी पदार्थ निघाला आणि तिथल्या कामगारांपैकी एकाचा जीव गेला, त्याला कुणी शेक म्हणणार नाही.

आता 'पुनर्प्राप्ती'. माझा आक्षेप शब्दाच्या जडपणावर नाही, अर्थावर आहे. हरवलेली वस्तू हाती आली की प्राप्ती होते. अस्थिमज्जा कुठे गेलेली नसते. किरणांनी तिच्यातल्या सतत विभागणाऱ्या पेशी मरतात आणि नवं रक्त तयार होणं थांबतं. रक्तात आधीच फिरत असलेल्या पेशी आपापल्या आयुष्याप्रमाणे संपत जातात. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किरणांनी थेट मरतात, म्हणून त्या पहिल्या दोन दिवसांतच घसरतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट (रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी) पुढच्या काही आठवड्यांत तळाला जातात. तांबड्या पेशी जवळपास 120 दिवस जगतात, त्यामुळे रक्त कमी झाल्याचं सगळ्यात उशिरा जाणवतं. पूर्ण शरीराला 2 ग्रेच्या (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) वर मात्रा बसली की हा धोका गंभीर धरतात.

पुढे काय होईल ते मज्जेत किती मूळपेशी, म्हणजे रक्ताच्या सगळ्या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात त्या पेशी, जिवंत राहिल्या यावर ठरतं. केळीचं खोड कापलं तरी कंद शाबूत असेल तर पील (बाजूचा नवा कोंब) फुटतो आणि पीलबाग उभी राहते. कंदच कुजला तर खत घालून उपयोग नाही. मज्जेचंही तसंच आहे, आणि इथे मराठीतलं क्रियापद नेमकं कामाला येतं. मज्जा सावरते. सावरणं इथे अकर्मक आहे, सावरणाऱ्याचा जीव त्यात धरलेला आहे. 'औषध मज्जा बरी करतं' किंवा 'औषध मज्जा परत आणतं' म्हटलं की कर्तेपण औषधाकडे जातं, आणि ते खरं नाही.

औषध काय करतं तेही पाहा. फिलग्रास्टिम हे शरीरातल्याच एका प्रथिनाचं तयार केलेलं रूप. उरलेल्या पेशींना ते न्यूट्रोफिल लवकर तयार करायला लावतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने किरणांच्या माऱ्यानंतर वापरायला त्याला 2015 च्या मार्चमध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी ती पेगफिलग्रास्टिमला मिळाली, 2018 मध्ये सारग्रामोस्टिमला आणि 2021 मध्ये प्लेटलेट वाढवणाऱ्या रोमिप्लोस्टिमला. माणसांना मुद्दाम असे किरण देऊन चाचणी करता येत नाही, म्हणून मान्यता माकडांवरच्या प्रयोगांवरून मिळाली. फिलग्रास्टिमच्या प्रयोगात औषध मिळालेली 79 टक्के माकडं 60 दिवसांनंतर जिवंत होती आणि न मिळालेली 41 टक्के. या दुसऱ्या आकड्याकडे नीट पाहा. औषधाशिवायही ती माकडं तगली, म्हणजे त्यांची मज्जा आपली आपण सावरली. औषधाने सावरण्याचा वेग वाढवला, जंतुसंसर्गाचे धोक्याचे दिवस कमी केले आणि त्यामुळे जवळपास दुप्पट जीव वाचले. म्हणून औषधासाठी 'चालना देतं' किंवा 'उभारी देतं' हे शब्द मला सगळ्यात प्रामाणिक वाटतात. मूळपेशीच उरल्या नसतील तर चालना कुणाला देणार? तिथे दुसऱ्याच्या मूळपेशी देण्याचाच विचार करावा लागतो.

तुमच्या वाक्यातला 'परिणाम होतो' हाही पोकळ आहे. परिणाम चांगला की वाईट, कधी दिल्यावर? अमिफोस्टिन किरणांच्या आधी द्यावं लागतं, ते पेशी राखतं. फिलग्रास्टिम नंतर देतात, ते सावरायला मदत करतं. आयोडीनच्या गोळ्या फक्त थायरॉइडला राखतात, मज्जेला त्यांचा काही उपयोग नाही. 'राखणं' आणि 'सावरायला मदत करणं' ही दोन क्रियापदं वेगळी ठेवलीत तर हा गोंधळ पत्रकात शिरणारच नाही. आणि 'किरणोपचारात' असं मोघम लिहू नका. किमो आणि शेक एकत्र चालू असताना डॉक्टर ही इंजेक्शनं सहसा टाळतात, त्यामुळे 'चालू असताना' की 'संपल्यावर' हे स्पष्ट हवं.

इंजेक्शनला लोकांनी नाव कधीच दिलंय. 'पेशी वाढायचं इंजेक्शन' म्हणतात, अहिराणी बोलणारे 'पेशीस्नं इंजेक्शन'. ते खुशाल घ्या, फक्त कुठल्या पेशी ते लिहा. डेंगूच्या साथींपासून आपल्याकडे 'पेशी' म्हणजे प्लेटलेट असं घट्ट बसलंय, आणि फिलग्रास्टिम प्लेटलेट वाढवण्याचं औषध नाही, ते पांढऱ्या पेशींसाठी आहे. दोन दिवस इंजेक्शन घेऊनही प्लेटलेटचा आकडा हलला नाही की घरचे घाबरतात.

मी वाक्य असं लिहीन: 'किरणांच्या माऱ्याने हाडांच्या आतली, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा मंदावते. तिच्यातल्या मूळपेशी शिल्लक असतील तर ती हळूहळू सावरते. पांढऱ्या पेशी वाढायचं इंजेक्शन तिला चालना देतं. ते कधी आणि किती द्यायचं हे डॉक्टर रक्ताची तपासणी पाहून ठरवतात.' एका वाक्याची चार झाली, पण पत्रकात जागा कमी पडत असेल तर चित्र लहान करा, वाक्यं कापू नका.