स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातले पहिले तीन दिवस कसे जातात?

पुढच्या महिन्यात नागपुरात आपली स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया, ठरली आहे आणि त्यानंतर किती दुखते, रुग्णालयातले दिवस कसे जातात व सोबत कोणी थांबावे, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिक्षिका आहे. उन्हाळ्याची सुट्टी हाताशी असावी म्हणून मी ही शस्त्रक्रिया मे महिन्यात धंतोलीतल्या एका रुग्णालयात करून घेतली होती. आपल्याला महिना निवडता येत असेल, तर मे टाळावा, असे मी आधीच सांगून ठेवते. त्याचे कारण पुढे येईलच.

भीती दुखण्याची असते, म्हणून त्याविषयी प्रथम लिहिते. पोटावर चार-पाच लहान छिद्रे असतात आणि त्यांची वेदना सलाइनमधून मिळणाऱ्या औषधाने बरीच आटोक्यात राहते. मला रडवले ते खांद्याने. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करताना पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा वायू मागे राहून श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, चाळवतो आणि श्वासपटलाची नस मानेतून, खांद्याच्या नसांच्या शेजारूनच निघत असल्यामुळे दुखणे खांद्यात उमटते. हे कोणी आधी सांगितले नसल्यामुळे पहिल्या रात्री मला हृदयविकाराचीच शंका आली होती. चालल्याने हे दुखणे हलके होते. त्याच संध्याकाळी सिस्टरांनी मला उठवून कॉरिडॉरमध्ये चार पावले चालवले, तेव्हा मला त्यांचा रागच आला. पण पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत यासाठी घट्ट मोजे आणि पोटावरची इंजेक्शने यांच्याइतकेच हे चालणेही आवश्यक असते. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलण्याचे यंत्र मिळते, तेही कंटाळा न करता वापरावे.

खरी परीक्षा पाण्याची होती. या शस्त्रक्रियेत जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरलेल्या नळीला सुरुवातीला सूज असते. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे मला भूक जवळजवळ लागली नाही. तहान मात्र लागली, आणि तीही नागपूरच्या मे महिन्यातली. मला दर पंधरा मिनिटांनी तीस मिलिलिटर, तेही घोट घोट करून, असे सांगितले होते. या हिशेबाने तासाला एकशे वीस मिलिलिटर होतात, म्हणजे दीड लिटर पाणी पोटात जायला साडेबारा तास लागतात. जागेपणीचा जवळजवळ सगळा दिवस पाणी पिण्यातच जातो. मी औषधाच्या बाटलीचे खुणा असलेले झाकण घेतले आणि मोबाइलवर गजर लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र धीर सुटला आणि मी अर्धा पेला एका दमात घेतला. छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखी कळ आली आणि थोड्याच वेळात तोंडातून फेस आला. डॉक्टरांनी नाडी आणि पोट तपासून धोका नसल्याचे सांगितले, परंतु ती वीस मिनिटे मी विसरलेले नाही. स्ट्रॉ वापरू नये, कारण तिच्यातून हवाही पोटात जाते. नारळपाणी, गाळलेले वरणाचे पाणी आणि पातळ ताक कधी सुरू करायचे, ते आपल्या आहारतज्ज्ञांनाच विचारावे. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते.

सोबतीला प्रेमळ माणसापेक्षा नाही म्हणू शकणारे माणूस ठेवावे. आपल्याकडे रुग्णाला भेटायला जाणे हे कर्तव्य मानतात आणि रिकाम्या हाताने कोणी येत नाही. माझ्या मावशी वर्ध्याहून संत्रा बर्फी घेऊन आल्या आणि झाकणातले पाणी पाहून म्हणाल्या, "एवढ्याशा पाण्यानं माणूस जगते का?" त्यांना समजावण्याची ताकद माझ्यात नव्हती, ते काम माझ्या सासूबाईंनी केले, आणि बर्फी परिचारिकांच्या टेबलावर गेली. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर हेही लक्षात ठेवावे की साखर काही दिवसांतच उतरू लागते. माझी मात्रा रुग्णालयातच कमी करण्यात आली. जुनी मात्रा घरी आपल्या मनाने चालू ठेवू नये आणि गुडघेदुखीसाठी नेहमीची वेदनाशामक गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. सकाळी नऊला डॉक्टरांनी घरी जायला सांगितले, पण विम्याच्या अंतिम मंजुरीची वाट पाहता पाहता तीन वाजले आणि मी भर उन्हात, दर पंधरा मिनिटांच्या घोटाचे गणित बिघडलेल्या अवस्थेत घरी निघाले. त्या रात्री लघवी अगदी कमी आणि गडद झाली; सासूबाई रात्रभर गजर लावून झाकण पुढे करत राहिल्या, म्हणून सलाइनसाठी परत दाखल व्हावे लागले नाही. विम्याच्या कागदांची चौकशी आदल्या संध्याकाळीच करून ठेवावी. घरी गेल्यावर ताप, विश्रांती घेत असतानाही मिनिटाला एकशे वीसच्या वर गेलेली नाडी, धाप किंवा वाढत जाणारी पोटदुखी जाणवली, तर जठराच्या टाक्यांच्या रेषेतून गळती होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. त्यासाठी सर्जनच्या पथकाचा रात्रीचा क्रमांक सुट्टीच्या कागदावर लिहून घ्यावा. माझ्या कागदावर तो नव्हता, मी मागून घेतला.