म्हापशातल्या फ्लॅटमध्ये अमेरिकन गायिका बिली आयलिशच्या ‘हॅपियर दॅन एव्हर’सारखा कानाशी बोलल्यागत आवाज कसा रेकॉर्ड करू?

प्रसिद्धीचा जाच सांगणारा तो 2021 चा अल्बमही तिच्या भावाच्या, फिनिअसच्या घरच्या स्टुडिओतलाच आहे. महागडी खोली नको, शांत खोली हवी.

माईक तोंडापासून 10 ते 15 सेंमीवर, किंचित तिरका, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ म्हणताना येणारे हवेचे फटके अडवणारी जाळी). हळू गायलं की गेन, म्हणजे माईकचा आवाज उचलण्याची पातळी, वाढवावा लागतो आणि पंखा, फ्रिज, खिडकीच्या पत्र्यावरचा पाऊस सगळंच आत येतं. तेव्हा पंखा-फ्रिज बंद, आणि गोधडी माईकमागे नाही, गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. कारण कार्डिऑइड प्रकारचा माईक समोरचंच जास्त ऐकतो. रेकॉर्डिंगच्या मीटरवर पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत वरचं टोक, -12 डीबीच्या आसपास ठेवा.

कॉम्प्रेशन, म्हणजे मोठा आवाज दाबून हळू-मोठ्यातला फरक कमी करणं, 3:1 ठेवा. त्याने श्वासही वर येतात. ते कापू नका, 5-6 डीबी खाली आणा. श्वास पुसले की गाण्यातली मनाची कबुली बातम्या वाचल्यासारखी वाटते!

आपल्याकडे खरा घात दमटपणा करतो. जून ते सप्टेंबर कंडेन्सर माईक (स्टुडिओतला नाजूक, संवेदनशील माईक) उघडा राहिला की त्याची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, ओलावा धरते आणि तडतड सुरू होते. काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.