भेकराचे भुंकणे आणि झुडपातले पाडस

प्रश्न : आमचे गाव चांदोलीच्या जंगलालगत आहे. तिन्हीसांजेला रानातून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज बराच वेळ येत राहतो. तो भेकराचा असल्याचे जाणती माणसे सांगतात. एवढेसे जनावर ओरडून आपला ठावठिकाणा का सांगत असावे? शिवाय मध्यंतरी बांधालगतच्या झुडपात भेकराचे पाडस एकटेच बसलेले दिसले. अशा वेळी ते घरी आणावे का?
— एक वाचक, ता. शिराळा

उत्तर : आवाज भेकराचाच आहे. जेमतेम दोन फूट उंचीचे, वीस-पंचवीस किलो वजनाचे हे हरीण चितळांसारखे कळपाने राहत नाही. त्यामुळे दाट झाडीत त्याच्या राखणीला दुसरे डोळे नसतात. बिबट्याची सारी मदार दबा धरण्यावर असते आणि आपण दिसलो हे कळल्यावर तो बहुधा पाठलागाच्या फंदात पडत नाही, म्हणून भेकराचे भुंकणे प्रामुख्याने त्यालाच उद्देशून असते असे मानले जाते. झाडीमुळे नीट दिसत नसेल, तर नुसत्या संशयावरूनही ते भुंकत राहते. माजाच्या काळातही ते भुंकते, तेव्हा प्रत्येक आवाजामागे बिबट्याच असेल असे समजू नये.

नराची शिंगे आखूड असून ती केसाळ खुंटांवर उगवतात. या खुंटांपासून निघालेल्या दोन काळसर रेषा कपाळावरून खाली येत जवळ येतात. वरच्या ओठाबाहेर डोकावणारे सुळे हे त्याचे खरे शस्त्र होय आणि अंगावर आलेल्या कुत्र्याला तो त्यांनी चांगलाच फाडतो.

पाडस मात्र कदापि घरी आणू नये. आई त्याला झुडपात दडवून चरायला जाते आणि पाजण्यासाठी परत येते. अंगावरचे ठिपके आणि हालचाल न करता बसून राहणे एवढेच त्याचे संरक्षण असते. असे पाडस पोरके समजून उचलून नेणाऱ्यांचा हेतू चांगला असला, तरी धास्तीने किंवा न मानवणाऱ्या दुधाने ते बहुधा दगावते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी असा बाळगणे हा गुन्हा आहे. कोणी ते उचललेच असेल, तर लगेच त्याच जागी ठेवून दूर व्हावे आणि गावातली कुत्री तिकडे फिरकू देऊ नयेत. पाडस जखमी असेल किंवा आई मेलेली आढळली, तरच वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.