८० हजारांचा माईक घेऊ का?

प्रश्न : दादा, मी लग्नाचे व्हिडिओ करतो आणि सीझन नसला की चादर-टॉवेलच्या कारखानदारांचे छोटे छोटे व्हिडिओ पण करून देतो. पिक्चर मस्त येतंय पण आवाजाची लई बोंब आहे, माणूस लांबून बोलल्यासारखा वाटतो आणि मागं नुसती घरघर. सध्या कॅमेऱ्यावर लावायचा छोटा माईक आहे. एकानं सांगितलं सेनहायझरचा एमकेएच ४१६ घे, सिनेमावाले तोच वापरतात. दुकानात ८० हजारांच्या पुढं सांगतायत. हप्त्यावर घ्यायची तयारी आहे, पण घरचे म्हणतात तेवढ्यात लेन्स येईल. खरंच एवढा फरक पडतो का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : माईक उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण तुमची जी तक्रार आहे ती त्यानं जाणार नाही, म्हणून आत्ता हप्ता काढू नका.

‘लांबून बोलल्यासारखा’ हे तुम्हीच लिहिलंय ना, दुखणं तिथंच आहे. तुमचा कॅमेरा सहा-सात फुटांवर उभा आणि माईक त्याच्या डोक्यावर, म्हणजे माईक पण सहा-सात फुटांवर. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याचा आवाज साधारण ६ डेसिबलनं पडतो, पण खोलीतला पंखा, कूलर, भिंतीवरून परत येणारा आवाज काही कमी होत नाही, तो आहे तेवढाच राहतो. मग तुम्ही गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची आवाजपातळी, वाढवता आणि घरघर पण वर येते. हजार-दीड हजाराचा कॉलर माईक छातीवर हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि कॅमेऱ्यावरच्या ८० हजारवाल्याशी ताडून बघा, बोलणं कॉलर माईकचंच जवळचं आणि स्वच्छ वाटेल.

आता ४१६ मध्ये पैसे कशाचे जातात ते सांगतो, कारण उगाच महाग नाहीये तो. त्याचा स्वतःचा सूंऽऽ आवाज फार कमी, १३ डेसिबल. आतली रचना अशी आहे की दमट हवेत कुरकुर करत नाही, कोकणात पावसात शूट करणाऱ्याला त्याची किंमत कळते, आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती गरज क्वचितच पडते. नीट वापरला तर वर्षानुवर्षं चालतो आणि विकताना पण बरा भाव येतो. पण तो चालवायला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) आणि तीन पिनांची एक्सएलआर केबल लागते, तुमच्या कॅमेऱ्याला नुसतं ३.५ एमएमचं भोक असेल तर मध्ये रेकॉर्डर किंवा अडॅप्टर घ्यावाच लागतो, तो खर्च दुकानदार आधी सांगेलच असं नाही. शिवाय बूमवर, म्हणजे लांब काठीवर, धरून बोलणाऱ्याच्या डोक्यावर फ्रेमच्या जरा बाहेर ठेवणारा माणूस पाहिजे, लग्नात एकटे पळणार की बूम धरणार?

आणि कारखान्यात तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवूच नका. ४१६ हा शॉटगन, म्हणजे लांब नळीचा माईक, ती नळी बाजूचा आवाज कापते, पण बारीक, वरच्या पट्टीतलाच. मागाचा जो जाड दणका असतो, १०० हर्ट्झच्या आसपासचा, त्याची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब आणि ४१६ ची नळी २५ सेंटीमीटर, ती नळी त्या लाटेला अडवणार कशी? दणका बऱ्यापैकी आत येतोच. छोट्या, उघड्या भिंतींच्या खोलीत तर नळीवाल्या माईकचा आवाज डब्यातून आल्यासारखा पण होतो.

मागावरच्या कामगाराची मुलाखत घ्यायची तर पाळी बदलताना नाहीतर जेवणाच्या सुट्टीत घ्या, माग बंद असताना. शेजारच्या शेडचा आवाज राहील, राहू दे. कॉलर माईक सदऱ्याच्या आतून मायक्रोपोर टेपनं चिकटवा आणि खाली वायरला एक सैल वेटोळं करून तेही चिकटवा, म्हणजे माणूस हलला तरी ओढ माईकपर्यंत जात नाही. टेरिकॉटचा शर्ट सळसळतो, सुती बरा. मग माग चालू झाला की धोट्याची खटखट दोन-तीन मिनिटं वेगळी रेकॉर्ड करून घ्या आणि एडिटिंगला बोलण्याखाली हळू सोडा. मालकाला कारखाना ऐकू येतो आणि म्हातारबा काय बोलतायत तेही कळतं. हा आवाज मनापासून घ्या, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारी मागावरची जुनी माणसं आता कमी होत चाललीयत.

लग्नात मंगलाष्टका भटजींच्या माईकमधून साऊंडवाल्याच्या मिक्सरला जातातच, त्याला आधी भेटून मिक्सरमधून थेट रेकॉर्डरला वायर घ्या, फक्त रेकॉर्डर लाईन इनपुटवर (मिक्सरच्या जोरदार सिग्नलसाठीची सेटिंग) ठेवा, माईकवर ठेवलात तर सगळं फाटतं.

म्हणजे दोन कॉलर माईक, एक्सएलआरवाला रेकॉर्डर, कान झाकणारे हेडफोन आणि बाहेरच्या वाऱ्यासाठी केसाळ टोपी, एवढं आधी. गेन ऑटोवरून काढा, बोलणं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. उद्या शॉर्टफिल्म मिळाली, बाहेरचे सीन असले, बूम धरायला माणूस असला तर पुण्याहून ४१६ भाड्यानं आणा, आणि भाडं वारंवार भरायला लागलं की मग बिनधास्त विकत घ्या. लेन्सचं म्हणाल तर घरच्यांचं पण आत्ता ऐकू नका, आधी आवाज.

प्रश्न : गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेत आणि मोठ्या कार्यालयांत माझा वायरलेस माईक मधेच तुटतो. महागातला घेतला तर थांबेल का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : थोडंफार थांबेल, पूर्ण नाही. हे छोटे वायरलेस बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथ पण तिथंच. त्यात माणसाचं शरीर हा सिग्नल खातं, संमती कट्ट्याजवळ अक्षतांच्या वेळी तुमच्या आणि बोलणाऱ्याच्या मध्ये किती माणसं उभी असतात बघा. रिसीव्हर, म्हणजे कॅमेऱ्याकडचा भाग, उंचावर, समोरासमोर ठेवा. जास्त पैसे घालायचेच तर ट्रान्समीटरमध्येच (अंगावर लावायच्या भागातच) रेकॉर्डिंग होणारा घ्या, रोड कंपनीच्या वायरलेस गो २ किंवा डीजेआय माईकमध्ये ती सोय आहे. हवेतला सिग्नल तुटला तरी माणसाच्या अंगावरचं रेकॉर्डिंग चालूच राहतं, फक्त यात्रेत नंदीध्वज निघायच्या आधी ते रेकॉर्डिंग चालू आहे का ते बघून घ्या.